चूक वैमानिकाची की व्यवस्थेची? प्रशिक्षण उड्डाणांतील अपघातांचा विचार

(बेंगळुरू येथील जे. पी. नगरमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रशिक्षण विमान कोसळल्याची बातमी वृत्तपत्रात बहुधा चार-सहा ओळींत संपते. विमान कोठे पडले, किती जण जखमी झाले आणि शेवटी 'प्राथमिक अंदाजानुसार वैमानिकाची चूक' हे वाक्य. वाचकाच्या दृष्टीने विषय तेथे मिटतो. अपघाताचा शोध घेणाऱ्या तज्ज्ञाचे काम मात्र त्याच वाक्यापासून सुरू होते. चूक कोणती झाली, ती त्या क्षणी का घडली, ती रोखण्यासाठी असलेले अडसर का निकामी ठरले आणि उद्या दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातून तीच चूक होऊ नये म्हणून काय करावयास हवे, या चार प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत 'वैमानिकाची चूक' हा शब्दप्रयोग अपुराच राहतो.

या विषयाला आज विशेष महत्त्व आले आहे. २०२३ या एकाच वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. त्याच वर्षी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १,६२२ व्यावसायिक वैमानिक परवाने दिले. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या उदार धोरणानुसार २०२१ मध्ये बेळगाव, जळगाव, कलबुर्गी, खजुराहो आणि लीलाबारी या पाच विमानतळांवर नव्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांसाठी जागा देण्यात आल्या. यांपैकी पहिली तीन ठिकाणे महाराष्ट्रात किंवा त्याच्या सीमेलगत आहेत, ही बाब लक्षणीय आहे. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया येथे प्रशिक्षणाची परंपरा त्याआधीच रुजली होती. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या आकाशात आज लहान विमानांची वर्दळ वाढते आहे आणि तिच्याबरोबर सुरक्षिततेची जबाबदारीही वाढते आहे.

बेंगळुरू : प्रशिक्षण विमानांचे माहेरघर

बेंगळुरू आणि प्रशिक्षण विमान यांचे नाते जुने आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये या शहरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये तेथे जोडणी होऊन उडालेले पहिले विमान हार्लो जातीचे प्रशिक्षण विमानच होते. १९४२ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला. त्याची धुरा डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे आली. जर्मनीतील गॉटिंगेन येथे विख्यात शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले होते. पुढे हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांच्याच नेतृत्वाखाली एचटी-२ हे भारतीय रचनेचे विमान साकारले आणि १९५१ मध्ये त्याने पहिली भरारी घेतली. स्वतंत्र भारताने आपल्या अभियंत्यांकडून जे पहिले इंजिनाचे विमान तयार करून घेतले ते लढाऊ किंवा प्रवासी नव्हते. विद्यार्थ्याला उडावयास शिकविणारे होते. एचपीटी-३२ 'दीपक', राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचे 'हंसा' आणि २०१६ मध्ये प्रथम उडालेले एचटीटी-४० ही त्याच परंपरेची पुढची अपत्ये होत. शहराच्या उत्तरेस जक्कूर येथे कर्नाटक शासनाची उड्डाण प्रशिक्षण शाळा स्वातंत्र्यानंतर लगेचच उभी राहिली.

चूक घडते कशी?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० मध्ये मानवी चुकांची जी मांडणी केली ती आज जगभर आधारभूत मानली जाते. तिच्यानुसार चुकीचे प्रमुख चार प्रकार होतात.

पहिला प्रकार हातचुकीचा. हेतू बरोबर, कृती मात्र भलतीच. कार्ब्युरेटरला उष्णता देणारी कळ ओढण्याऐवजी शेजारची इंधनमिश्रणाची कळ ओढली गेली तर चालते इंजिन बंद पडते. दुसरा प्रकार विस्मरणाचा. धावपट्टीला चाके टेकवून लगेच पुन्हा वर जाण्याच्या सरावात, म्हणजे 'टच-अँड-गो' करताना, फ्लॅप मिटावयाचे राहून गेले की विमान जड होते आणि चढाई मंदावते. तिसरा प्रकार निर्णयातील चुकीचा. उड्डाणानंतर अवघ्या तीनशे फुटांवर इंजिन थांबले असता समोरच्या मोकळ्या शेतात उतरावयाचे सोडून विद्यार्थी धावपट्टीकडे मागे वळतो. येथे हात चुकलेला नाही किंवा आठवण हरपलेली नाही. निवडलेला मार्गच चुकीचा आहे. चौथा प्रकार जाणीवपूर्वक नियमभंगाचा. आपल्या गावावरून किंवा मित्राच्या घरावरून कमी उंचीवर विमान नेण्याचा मोह हे त्याचे ठळक उदाहरण.

या चारही प्रकारांना एकच औषध चालत नाही. हातचुकी टाळण्यासाठी कळांची रचना आणि आकार वेगळे ठेवावे लागतात. विस्मरणावर तपासणी सूची हा उपाय आहे. निर्णयातील चुकीवर सराव आणि ज्ञान यांची मात्रा लागू पडते. शिक्षेचा विचार केवळ चौथ्या प्रकारात प्रस्तुत ठरतो. अपघातानंतर सरसकट 'कडक कारवाई'ची मागणी करणारे बहुधा हा फरक विसरतात.

वळणावरचा धोका

लहान विमानांच्या प्रशिक्षणातील सर्वांत घातक चूक उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणावर होते. तिच्यामागचे भौतिकशास्त्र शालेय स्तरावरचे आहे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातील कोन एका मर्यादेपलीकडे वाढला की पंखावरील प्रवाह विस्कळीत होतो आणि विमानाला वर तोलून धरणारे बल अचानक घटते. यालाच 'स्टॉल' म्हणतात. इंजिन बंद पडणे आणि स्टॉल यांचा संबंध असलाच पाहिजे असे नाही. इंजिन पूर्ण जोरात चालू असतानाही स्टॉल होऊ शकतो.

सरळ उड्डाणात एखादे विमान ५० नॉट वेगाला स्टॉल होते असे समजू. उंची कायम राखून ३० अंश कलून वळताना हाच वेग सुमारे ५४ नॉट होतो, ४५ अंशांत सुमारे ६० आणि ६० अंशांत सुमारे ७१. कारण ६० अंशांच्या वळणात पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो आणि स्टॉलचा वेग भाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो.

आता विद्यार्थ्याची अवस्था पाहावी. वारा मागून लागल्याने तो धावपट्टीच्या रेषेपुढे गेला आहे. चूक सुधारण्यासाठी तो वळण अधिक तीव्र करतो. जमीन जवळ असल्याने अधिक कलण्याची भीती वाटते, म्हणून पायाने रडर दाबून नाक वळवू पाहतो. नाक खाली झुकू लागते, तेव्हा ते वर धरण्यासाठी दांडा मागे ओढतो. यांतील प्रत्येक कृती त्याला त्या क्षणी योग्यच वाटते. तिन्हींचा एकत्रित परिणाम मात्र एका पंखाचा स्टॉल आणि गिरकी हाच होतो. तीन हजार फुटांवर यातून सावरता येते. पाचशे फुटांवर जमीन त्याआधीच येते.

या साखळीवर एक साधा उपाय आहे. वळण चुकले की ते सुधारण्याचा हट्ट सोडावा, इंजिनाला पूर्ण जोर देऊन वर जावे आणि पुन्हा फेरी घालावी. यालाच 'गो-अराउंड' म्हणतात. विद्यार्थ्याला त्यात कमीपणा वाटू नये, ही जबाबदारी त्याच्या प्रशिक्षकाची.

जे. पी. नगरची उंची आणि विमानाची धाप

स्थळकाळाचा चुकांवर कसा परिणाम होतो हे समजण्यासाठी दूर जावयास नको. जे. पी. नगरची जमीन आणि जक्कूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून ढोबळमानाने ३,००० फूट उंचीवर आहेत. प्रमाणित वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस तापमान धरतात आणि दर हजार फुटांमागे ते सुमारे दोन अंशांनी घटते. म्हणजे येथे प्रमाणित तापमान ९ अंश. एप्रिलच्या दुपारी पारा ३४ अंशांवर गेला तर तो प्रमाणापेक्षा २५ अंशांनी अधिक झाला. प्रत्येक जादा अंशामागे सुमारे १२० फूट धरले असता ३,००० फुटांची भर पडते. परिणामी त्या दुपारी बेंगळुरूतील विमान ६,००० फूट उंचीच्या विरळ हवेत असल्यासारखे वागते. यालाच 'घनता उंची' म्हणतात.

विरळ हवेत साध्या पिस्टन इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. पंखांना आवश्यक बल मिळण्यासाठी अधिक धावावे लागते आणि चढाई मंदावते. वेगदर्शकावर ६० नॉट दिसत असताना विमान हवेतून प्रत्यक्षात ६५ नॉटच्या आसपास जात असते. समुद्रकाठी शिकलेल्या विद्यार्थ्याला जमीन नेहमीपेक्षा वेगाने मागे सरकताना दिसते, आपला वेग जास्त झाला असे वाटते आणि तो इंजिनाचा जोर कमी करतो. डोळ्यांनी दिलेली साक्ष खोटी ठरते. अशा वेळी 'वैमानिकाने वेग राखला नाही' हा निष्कर्ष खरा असतो, परंतु पुरेसा नसतो. उड्डाणापूर्वी घनता उंचीचे गणित करून घेतले होते काय, दोन विद्यार्थी, पूर्ण इंधन आणि भर दुपार यांचा मेळ कोणी घातला, हेही विचारावे लागते.

प्रशिक्षकाची भूमिका

प्रशिक्षण विमानात दुहेरी नियंत्रणे असतात. विद्यार्थ्याला चूक करू द्यावी, कारण चुकीखेरीज शिक्षण नाही. परंतु ती परतीच्या मर्यादेपलीकडे जाऊ देऊ नये, ही प्रशिक्षकाची कसोटी. दोघांपैकी विमान कोणाच्या हाती आहे याविषयी क्षणाचाही संभ्रम परवडत नाही. म्हणूनच 'नियंत्रण माझ्याकडे', 'नियंत्रण तुमच्याकडे' अशी स्पष्ट देवाणघेवाण करण्याचा दंडक आहे.

मोठ्या विमानांच्या इतिहासातही हा धडा सापडतो. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेले इंडियन एअरलाइन्सचे एअरबस ए-३२० विमान बेंगळुरूच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स विमानतळाच्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानावर कोसळले. विमानातील १४६ जणांपैकी ९२ जण मृत्युमुखी पडले. विमान चालविणाऱ्या वैमानिकाची कॅप्टनपदासाठी मार्ग-चाचणी चालू होती आणि शेजारी परीक्षक कॅप्टन बसले होते. इंजिने मंद गतीवर राहिली, वेग घटत गेला आणि दोघांच्याही ते वेळेवर ध्यानात आले नाही. एकाचे लक्ष परीक्षा देण्यात आणि दुसऱ्याचे ती घेण्यात गुंतले की वेगदर्शकाकडे पाहणारा तिसरा कोणी उरत नाही.

२२ मे २०१० च्या मंगळुरू अपघातात १५८ जणांचा बळी गेला. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायालयाला असे आढळले की सहवैमानिकाने तीन वेळा पुन्हा वर जाण्याचे सुचवूनही कॅप्टनने अस्थिर अवतरण चालूच ठेवले. वरिष्ठाला थांबविण्याचे धैर्य आणि कनिष्ठाचे ऐकण्याची सवय या गोष्टी मोठ्या विमानात अकस्मात येत नाहीत. दोन आसनी सेस्ना विमानात, विद्यार्थिदशेतच, त्यांचे संस्कार व्हावे लागतात.

यंत्राचा दोष आणि माणसाच्या माथी खापर

चुकीचे खापर माणसावर फोडण्याची घाई किती महाग पडते याचे उदाहरण एचपीटी-३२ विमानाने दिले. बेंगळुरूत तयार झालेल्या या विमानावर हवाई दलाच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाचे प्राथमिक धडे घेतले. परंतु उड्डाणात इंजिन बंद पडण्याच्या घटना त्यात वारंवार घडत राहिल्या. ३१ जुलै २००९ रोजी तेलंगणातील मेदक जिल्ह्यात (तेव्हाच्या आंध्र प्रदेशात) झालेल्या अपघातात दोन्ही जागांवर अनुभवी प्रशिक्षक होते आणि दोघांचाही मृत्यू झाला. त्यानंतर या विमानांची उड्डाणे थांबविण्यात आली. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडचे पिलाटस पीसी-७ हे विमान प्राथमिक प्रशिक्षणासाठी दाखल झाले. दोन कसलेले प्रशिक्षक ज्या प्रसंगातून वाचू शकत नाहीत, तेथे नवशिक्या विद्यार्थ्याच्या कौशल्याचा हिशेब मांडणे अन्यायाचे ठरते.

याउलट यंत्र निर्दोष असले तरी अपघात होतात, हेही तितकेच खरे. म्हणून अन्वेषणापूर्वी निष्कर्ष काढू नये, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

अलीकडील घटना

गेल्या काही वर्षांतील घटनांवर दृष्टी टाकली असता प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट होते. १६ जुलै २०२१ रोजी जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात प्रशिक्षण विमान कोसळून प्रशिक्षकाचा मृत्यू झाला आणि प्रशिक्षणार्थी जखमी झाली. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे एकट्याने उड्डाण करणाऱ्या प्रशिक्षणार्थीचे विमान शेतात पडले. सुदैवाने तिचे प्राण वाचले. १८ मार्च २०२३ रोजी गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावरून निघालेले विमान मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या डोंगरात कोसळले आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही दगावले. ३० मे २०२३ रोजी बेळगावजवळ एका विमानाला शेतात तातडीने उतरावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन विमाने कोसळली, त्यानंतर महासंचालनालयाने संबंधित संस्थेचे प्रशिक्षण स्थगित केले.

यांतील प्रत्येक घटनेचे कारण वेगळे असू शकते. त्यांना एकाच मापाने मोजणे शास्त्रीय ठरणार नाही. परंतु कोणत्याही प्रशिक्षण संस्थेत एकामागून एक घटना घडू लागल्या, तर प्रत्येक वेळी 'विद्यार्थी चुकला' हे स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

तासांचा हिशेब

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी किमान वय १८ वर्षे असून २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी १०० तास प्रमुख वैमानिक म्हणून आणि २० तास दूरच्या प्रवासाचे असावे लागतात. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत ३०० सागरी मैलांचा एक प्रवास अनिवार्य आहे. शिवाय उपकरणांच्या आधारे १० तास आणि रात्रीचे ५ तास उड्डाण करावे लागते.

हे तास पैशांत मोजले जातात. अनेक कुटुंबे शेत, घर किंवा दागिने तारण ठेवून मुलामुलींना या शिक्षणासाठी पाठवितात. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उड्डाण होत नाही, वसतिगृहाचा खर्च मात्र थांबत नाही. ढग उघडले की तुंबलेले तास भरून काढण्याची घाई विद्यार्थ्यालाही असते आणि संस्थेलाही, कारण संस्थेचे उत्पन्नही तासांवरच अवलंबून असते. प्रशिक्षकांची उणीव असली की एकाच प्रशिक्षकाला दिवसभर विमानातून उतरण्याची उसंत मिळत नाही. थकलेला प्रशिक्षक, अधीर विद्यार्थी आणि काठावरचे हवामान या तिन्ही गोष्टी एका सकाळी एकत्र आल्या की चुकीला केवळ निमित्त हवे असते. रीझन यांनी हीच अवस्था चीजच्या कापांची उपमा देऊन समजाविली आहे. प्रत्येक कापाला छिद्रे असतात. सर्व कापांची छिद्रे एका रेषेत आली की धोका आरपार जातो. वैमानिक हा त्यांतील शेवटचा काप असतो, म्हणून दोष त्याच्यापाशी दिसतो.

अन्वेषणाची चौकट

७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारातून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा पाया घातला गेला. या कराराचे परिशिष्ट १३ अपघात अन्वेषणाविषयी आहे. अन्वेषणाचा एकमेव हेतू भविष्यातील अपघात टाळणे हा असून दोष किंवा दायित्व ठरविणे हा नव्हे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०१३ पासून लागू झालेले परिशिष्ट १९ सुरक्षा व्यवस्थापनाविषयी आहे.

भारतात परवाने देणारी आणि नियमन करणारी यंत्रणाच पूर्वी अपघातांची चौकशीही करीत असे. स्वतःच्या नियमनातील उणिवा स्वतःच शोधावयाच्या, हा अंतर्विरोध दूर करण्यासाठी २०१२ मध्ये विमान अपघात अन्वेषण विभाग स्वतंत्रपणे स्थापन झाला. २०२० च्या दुरुस्ती कायद्याने त्याला वैधानिक दर्जा दिला. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. अन्वेषण विभागाचे अहवाल जाहीर होतात आणि विद्यार्थ्यांनी ते आवर्जून वाचावेत. ७ ऑगस्ट २०२० च्या कोळिकोड अपघाताच्या अहवालात वैमानिकाने प्रमाणित कार्यपद्धती पाळली नाही हे संभाव्य कारण म्हणून नोंदविले आहे आणि त्याचबरोबर व्यवस्थेतील उणिवांचा वाटाही दुर्लक्षिता येणार नाही, असे म्हटले आहे. एकाच अहवालात दोन्ही गोष्टी सामावू शकतात, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

न्याय्य संस्कृती

सुरक्षिततेचा खरा आधार अपघातांपेक्षा थोडक्यात हुकलेल्या अपघातांच्या नोंदींत असतो. इंधन टाकीची कळ चुकीच्या बाजूला राहिली आणि दोन मिनिटांत ध्यानात आली, अशी घटना कोणाला कळतही नाही. विद्यार्थ्याने ती सांगितली तर उद्याच्या दहा विद्यार्थ्यांना सावध करता येते. परंतु सांगितल्याबद्दल उड्डाण थांबविले जाईल, पुन्हा पैसे भरावे लागतील किंवा नाव खराब होईल अशी भीती असेल, तर तो गप्प राहतो. त्याच्या मौनाची किंमत दुसरा कोणी मोजतो. प्रामाणिक चुकीला अभय आणि हेतुपुरस्सर नियमभंगाला शासन, या तत्त्वाला 'न्याय्य संस्कृती' म्हणतात. शासन, संस्था आणि पालक या तिघांनीही ती जोपासावी लागेल.

त्याला काही ठोस उपायांची जोड हवी. प्रत्येक संस्थेत प्रशिक्षकांच्या विश्रांतीचे काटेकोर पालन व्हावे. हवामान व घनता उंची यांचे गणित लेखी करून घ्यावे. साध्या सिम्युलेटरवर इंजिन बंद पडण्याचे प्रसंग वारंवार घडवून आणावेत. पुन्हा वर जाण्याचा निर्णय घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॉगबुकात त्याची प्रशंसा नोंदवावी. तासांबरोबरच नेमकी कोणती कौशल्ये आत्मसात झाली, याचेही मोजमाप व्हावे. २०२५ पासून महासंचालनालयाने प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी सुरू केली असून तिच्यात सुरक्षिततेचाही विचार केला जातो, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे.

उद्या प्रशासनात गेल्यावर एखाद्या जिल्ह्यात असा अपघात घडेल, शेतात विमानाचे अवशेष पडलेले असतील आणि वार्ताहर कारण विचारतील. त्या वेळी अधिकाऱ्याचे पहिले काम जखमींना मदत मिळवून देण्याचे, दुसरे अवशेष आणि पुरावे न हलविता सुरक्षित राखण्याचे. कारण सांगण्याचे काम अन्वेषण विभागाचे. ते पूर्ण होईपर्यंत त्या विमानात बसलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलावर किंवा मुलीवर ठपका न ठेवण्याचा संयम, ही कायद्याची अपेक्षा आहे आणि माणुसकीचीही.